घोषणा दोनदा करायची असते

"तुमच्या आईंच्या गुडघ्यांचं काय?" मी विचारलं.

"चांगले आहेत. तीन मजले चढते," निशिगंधा म्हणाली. "वडिलांचं बीपी?"

"एक गोळी. सकाळची."

"घोरतात?"

"भिंतीपलीकडे तरी ऐकू येत नाही."

तिनं मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं. मी खिशातून कागद काढला आणि 'गुडघे' या शब्दापुढे बरोबरची खूण केली. शेजारच्या टेबलावर वधू आणि वर लिंबू सरबत पीत होते. वधूचं वय त्रेसष्ट, वराचं एकोणसत्तर. दोघंही मान खाली घालून बसले होते. तेवढ्यापुरता तरी कार्यक्रम अगदी रीतीप्रमाणे चालला होता.

वर म्हणजे माझे वडील, रघुनाथ केंजळे, आमचे अण्णा. वधू म्हणजे निशिगंधाची आई, प्रभावती सावर्डेकर.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. खोपोलीच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, जादूबेट नावाचं थीम पार्क होतं. आत माणसाला उलटंपालटं करून घाबरवणारे पाळणे होते, आणि पाळण्यांच्या आधी ते काम तिकीट करत असे. पण पार्कच्या दाराबाहेर त्यांनी दुकानांचा आणि हॉटेलांचा एक रस्ता उभा केला होता, त्याचं नाव 'लिटल व्हेनिस'. तिथं तिकीट नव्हतं. प्लास्टरच्या इटालियन इमारती, त्यांच्या तळमजल्यावर गॉगल, कुर्ते आणि चिक्कीची दुकानं. मधून गुडघाभर पाण्याचा कालवा, त्यात दोन होड्या, आणि होड्या वल्हवायला आडव्या पट्ट्यांचे बनियन घातलेली कर्जतची माणसं. रस्त्याच्या टोकाला घड्याळाचा मनोरा. घड्याळात कायम दहा वाजून दहा मिनिटं. तिथं पोचल्यावर अण्णांनी वर बघून "बंद आहे" एवढंच म्हटलं होतं. त्यानंतरच्या पाऊण तासात त्यांनी आणखी काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

बघण्याचा कार्यक्रम इथं ठेवायची कल्पना निशिगंधाची. ती ठाण्याला, आम्ही पुण्याला, हे साधारण मधोमध. "शिवाय ओळखीचं कुणी भेटणार नाही," ती फोनवर म्हणाली होती. "भेटलंच तर आपण पार्कला आलोय."

मला ते फार पटलं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी गेटवरच सांगून टाकलं, "अण्णांना जादूबेट दाखवून आणतो."

"अरे वा! रोलर कोस्टर?"

"तर काय."

ते खूश झाले. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला रोलर कोस्टरमध्ये बसवणं सोसायटीला चालणार होतं. बोहल्यावर बसवणं चाललं नसतं, अशी माझी खात्री होती.

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. दर जुलैत दुसऱ्या वर्षाला 'बदलती कुटुंबसंस्था' हे प्रकरण घेतो आणि बदलाला घाबरणाऱ्या मध्यमवर्गाची उदाहरणं देतो. मुलं पोट धरून हसतात. त्या दिवशी लिटल व्हेनिसमध्ये मी नकार द्यायला आलो होतो.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, कराड स्टँडवर. 'कराडहून पाटणमार्गे चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे' हे वाक्य मी पाळण्यातल्या गाण्यांच्याही आधी ऐकलं असणार. वीज गेली की ते नियंत्रण कक्षातून बाहेर येत, एक नंबरच्या फलाटावर उभे राहत आणि माइकशिवाय बोलत. शेवटच्या फलाटावरची म्हातारी गाठोडं उचलून चालायला लागायची. प्रत्येक घोषणा दोनदा. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, दोनदा कशाला?

"पहिली ऐकणाऱ्यासाठी," अण्णा म्हणाले होते. "दुसरी, ऐकूनही विश्वास न बसणाऱ्यासाठी."

आई गेल्यावर अण्णा आमच्याकडे पुण्याला आले आणि तो आवाज नाहीसा झाला. तीन वर्षांत 'हं', 'असू दे' आणि 'नको' या तीन शब्दांवर त्यांचं भागत होतं. तेही इतकं हळू, की ऐकण्यासाठी टीव्ही बंद करावा लागे. मी त्यांना घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं आणि म्हणाले, "घशाला काही नाही."

"मग बोलत का नाहीत?"

"बोलायचं नसेल."

माझी बायको वृंदा म्हणाली, "त्यांना जरा माणसांत जाऊ दे." मी म्हणालो, "दुःख आहे ते. त्याचा मान ठेवायला हवा." आणि मी तो ठेवलाही. लोकांना सांगायचो, आई गेली आणि अण्णांचा आवाज गेला. लोक हळहळायचे. अशा वडिलांचा मुलगा असण्यात एक प्रतिष्ठा असते.

मग मार्च महिन्यात वृंदाला धुवायच्या शर्टावर एक बिल्ला सापडला. 'ज्येष्ठ नागरिक परिचय मेळावा. वर क्र. ४७.' आम्हाला अण्णांनी पेन्शनरांची मीटिंग आहे असं सांगितलं होतं.

"बघ," वृंदा म्हणाली. ती बिल्ला दिव्याखाली धरून कौतुकानं बघत होती. "त्यांच्याआधी सेहेचाळीस जण होते."

"हसण्यासारखं आहे का हे?"

"थोडंसं आहे," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात आमच्या वॉचमननं, बळीरामनं, मला जिन्यात गाठलं. "सर, रागावू नका. पण आजोबा रोज चारच्या पुढं गच्चीवर जातात आणि गाड्या सोडतात. मेढा, महाबळेश्वर, चिपळूण. पार पार्किंगमध्ये ऐकू येतं."

मी दुसऱ्याच दिवशी विस्मरणाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ती वेळ येण्याआधी अण्णांनीच सांगून टाकलं. जेवताना, पानाकडे बघत. "ठाण्याच्या एक बाई आहेत. मेळाव्यात भेटल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. फोनवर बोलतो आम्ही." आणि मग आमटी वाढून घेतली. तीन वर्षांतलं त्यांचं सगळ्यात मोठं भाषण.

त्यानंतर दोन्हीकडच्या मुलांनी जबाबदारी अंगावर घेतली, आणि आम्ही प्लास्टरच्या इटलीत येऊन बसलो.

"मेनूत पोहे नाहीत," वृंदा मेनूकार्ड मिटत म्हणाली. "बघण्याचा कार्यक्रम, आणि पोहे नाहीत? मला नाही चालणार. मी आत जाऊन विचारून येते." ती उठून काउंटरकडे गेली.

निशिगंधा माझ्याकडे बघत होती. बँकेत कर्जविभागात होती ती, आणि समोरचा माणूस काय लपवतोय हे शोधायची तिला सवय होती. "आपण जरा पाय मोकळे करू या?" ती म्हणाली. "यांना दोघांना बोलू दे."

हे वाक्य माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या सासऱ्यांनी म्हटलं होतं. आम्ही उठलो. अण्णांनी मान वर केली नाही. प्रभाताईंनी मात्र चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलांकडे बघावं तसं.

कालव्यावरच्या छोट्या पुलावर आम्ही थांबलो. खाली होडीतलं एक जोडपं स्वतःचे फोटो काढत होतं.

"स्पष्ट बोलू का?" निशिगंधा म्हणाली.

"बोला ना."

"मला हे नकोय."

माझ्या छातीवरचं ओझं असं काही उतरलं, की मला जवळजवळ हसू आलं. "मलाही."

"तुमचे वडील वाईट आहेत असं नाही."

"छे, तुमच्या आईही."

"माझे बाबा अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होते. अर्धांगवायू. आईनं सगळं केलं. औषधं, पथ्य, कुशीवर वळवणं, सगळं. आता कुठं ती सकाळी आठपर्यंत झोपते. क्रॉसवर्ड सोडवते. मला तिला पुन्हा कुणाच्या उशाशी गोळ्या घेऊन उभं राहिलेलं नाही बघायचं." तिनं कठड्यावरच्या प्लास्टरच्या सिंहाच्या डोक्यावर हात ठेवला. "तुमचं काय कारण?"

तिच्या कारणापुढे माझं कारण मांडायला मला जरा संकोच वाटला. "अण्णा अजून आईतून बाहेर आलेले नाहीत," मी म्हणालो. "बोलत नाहीत ते. तुम्ही बघितलंत. अशा अवस्थेत माणसानं निर्णय घेऊ नये."

"मेळाव्याला तर स्वतःच आले होते."

"दुःखात माणूस कुठंही जातो."

तिनं सिंहाच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "सांगायचं कसं?"

"पत्रिका जुळत नाही म्हणू."

"आईचा पत्रिकेवर विश्वास नाही."

"अण्णांचाही नाही. म्हणजे दोघांनाही उलटतपासणी घेता येणार नाही."

"तुम्ही समाजशास्त्र शिकवता ना?"

"हो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिचा सूर मला आवडला नाही, पण मसुदा ठरला होता. मी बोलायचं, तिनं खेदानं मान हलवायची.

आम्ही परत आलो तेव्हा टेबल रिकामं होतं. दोन ग्लास, दोन स्ट्रॉ, आणि अण्णांचा मोबाइल. शेजारी वृंदा हातात कागदी द्रोण घेऊन उभी होती. त्यात पिवळे त्रिकोणी काप होते.

"नाचोज," ती म्हणाली. "पोह्यांच्या जवळचं एवढंच होतं. हे दोघं कुठं आहेत?"

"तू इथं होतीस ना?"

"मी रांगेत होते. तुम्ही दोघं इथं असायला हवं होतं. पुलावर काय चाललं होतं?"

निशिगंधानं आईला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. "ती फोन बंद ठेवत नाही कधी," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. मी अण्णांचा मोबाइल उचलून खिशात टाकला आणि आम्ही निघालो.

रविवार होता. पार्कमधून दमलेली माणसं बाहेर पडून रस्त्यावर सांडत होती. आम्ही गॉगलच्या दुकानात बघितलं, चिक्कीच्या दुकानात बघितलं. पिझ्झाच्या दुकानाबाहेर एक अख्खं कुटुंब बॅगा पायांत धरून जेवत होतं, त्यांना विचारलं. "म्हातारे?" त्या घरातला बाप्या म्हणाला. "इथं सगळे म्हातारेच बसलेत हो. आत कुणाला सोसतंय?"

"पळून गेले असतील," वृंदा म्हणाली. ती चालता चालता नाचोज खात होती.

"कुठं पळून जातील?"

"मुलं नाही म्हणणार असं कळलं, की लोक कुठं जातात? देवळात."

"आम्ही कुठं नाही म्हणालो?"

तिनं माझ्याकडे बघितलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. तिला बघण्यापलीकडे काही करायची गरज नव्हती.

कालव्याच्या धक्क्यावर होडीवाल्यानं हात वर केला. "चष्मेवाल्या आजी आणि पांढरा शर्ट? मघाशीच उतरले की. आजोबांनी आधी विचारलं, फेरीला किती मिनिटं. मी म्हटलं, सात. तर मनगटावर बघत बसले. उतरताना म्हणतात कसे, आठ झाली, एक मिनिट लेट."

"अण्णा बोलले? तुमच्याशी?"

"बोलले म्हणजे? पुलाखालून जाताना आजींना गाड्या म्हणून दाखवत होते. काय घुमतो हो आवाज! पलीकडच्या होडीतल्यांनी टाळ्या वाजवल्या."

मला हे कुणा दुसऱ्याच आजोबांचं वर्णन वाटलं. निशिगंधाला नाही वाटलं. "आई तर म्हणते, ते फोनवर इतके मोठ्यानं बोलतात की तिला फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो," ती म्हणाली. "मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. मी यादीत लिहिलं होतं, विचारायचं राहिलं."

"शक्य नाही," मी म्हणालो. "अण्णांचा आवाज गेलाय."

"मग गच्चीवर गाड्या कोण सोडतं?" वृंदानं विचारलं. बळीरामनं तिलाही सांगितलेलं होतं तर.

याचं उत्तर मी देणार, तेवढ्यात रस्त्यावर आम्ही आल्यापासून वाजत असलेलं इटालियन संगीत मध्येच तुटलं. स्पीकरमधून खरखर आली. कुणीतरी माइकवर दोनदा बोटानं ठोकलं. मी जागच्या जागी थांबलो. ते ठोकणं मला ओळखीचं होतं.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे."

पिझ्झावाल्या कुटुंबातला बाप्या घास तोंडात असतानाच उठून उभा राहिला आणि त्यानं बॅग खांद्याला लावली.

"पुण्याहून आलेले प्राध्यापक अवधूत रघुनाथ केंजळे, आणि ठाण्याहून आलेल्या निशिगंधाताई, यांची चुकामूक झालेली आहे. त्यांचे आईवडील घड्याळाच्या मनोऱ्याखाली त्यांची वाट पाहत आहेत. त्यांनी घाबरून न जाता मनोऱ्याकडे यावे."

सगळा रस्ता थांबला होता. होड्या थांबल्या होत्या. एका बाईनं लेकराला कडेवर घेऊन डावीकडे बघितलं, जिथून गाडी यायला हवी होती तिथं. प्लास्टरच्या भिंतींवरून तो आवाज रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. हातात शाळेचं दप्तर असल्यासारखं मला वाटलं, आणि आता अण्णा ड्यूटी संपवून मला सायकलवर पुढे बसवतील असंही वाटलं.

"आईवडील?" निशिगंधा म्हणाली.

"चला," वृंदा म्हणाली. "घाबरून जाऊ नका असं सांगितलंय."

मनोऱ्याच्या बुडाशी माहिती केंद्राची खिडकी होती. खिडकीत गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी कावरीबावरी होऊन उभी होती. बाहेर अण्णा ताठ उभे होते, हात मागे बांधून. कान लाल झाले होते. शेजारी प्रभाताई, पर्स छातीशी धरून.

"हे तुमचे फादर का?" मुलीनं मला विचारलं. "मी म्हणाले, मी इंग्लिशमधून अनाउन्स करते. तर म्हणाले, मुलं मराठी आहेत, आणि माइकच घेतला."

"होता कुठं तुम्ही?" मी अण्णांना विचारलं.

"आम्ही?" प्रभाताई म्हणाल्या. "आम्ही होडीतून येऊन टेबलापाशी बसलो की. तर तुम्ही नाही, सूनबाई नाहीत, निशी नाही. हरवलात तुम्ही."

"आई, तुझा फोन बंद का आहे?"

"बघायच्या कार्यक्रमात फोन कशाला वाजवायचा?"

मी अण्णांकडे बघत होतो. "अण्णा, तुमचा आवाज."

"काय झालं आवाजाला?" ते म्हणाले. टीव्ही बंद करून ऐकावं लागतं, त्या आवाजात.

"घ्या, परत हळू झाले," प्रभाताई म्हणाल्या. "मला पहिल्या दिवशी फोनवर असंच ऐकू येईना. मी म्हटलं, अहो, लाइन खराब आहे का? सत्तावीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली मी, मला पहिली शंका लाइनचीच येते. तर म्हणाले, लाइन चांगली आहे. मीच हळू बोलतो. फ्लॅट आहे, मुलानं सांगितलंय. मग मी म्हटलं, तुमच्या फ्लॅटला गच्ची नाही का?"

"मी कधी सांगितलं?" मी म्हणालो.

म्हणालो, आणि त्याच क्षणी मला आठवलं. अण्णा पुण्याला आल्याचा पहिलाच आठवडा. मी पेपर तपासत होतो. अण्णा हॉलमध्ये कराडच्या मामेभावाला आईच्या शेवटच्या दिवसांविषयी सांगत होते, फोनवर, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. मी दार उघडून म्हटलं होतं, "अण्णा, हळू. हे स्टँड नाहीये." वाईट हेतू नव्हता. मार्कांची बेरीज चुकत होती. मी ते एकदाच म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ अण्णांनी येऊ दिली नव्हती. तीन वर्षं.

आणि मी लोकांना सांगत होतो, की आई गेली आणि आवाज गेला.

"बरोबरच होतं तुझं," अण्णा म्हणाले. "वरच्या मजल्यावर लहान बाळ होतं."

ते बाळ आता बालवाडीत जात होतं.

निशिगंधा आईजवळ गेली. आमचा मसुदा तिला पाठ होता, पण ती वेगळंच बोलली. "आई, तुला पुन्हा कुणाचं तरी सगळं करायला लागेल. गोळ्या, पथ्य. मला त्याची भीती वाटते."

"गोळी एकच आहे," अण्णा म्हणाले. "सकाळची. माझी मी घेतो."

"थांबा हो तुम्ही," प्रभाताई म्हणाल्या, आणि निशिगंधाचा हात हातात घेतला. "निशी, मी जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. तीन मिनिटं झाली की मध्ये शिरायचं, वाढवायचाय का विचारायचं, नाहीतर तोडायचं. माणसं रडत असायची, तरी तोडायचं. मग तुझ्या बाबांजवळ अकरा वर्षं बसले. त्यांना बोलता येत नव्हतं. मी एकटीच बोलायचे. त्याचं वाईट नाही वाटत मला, केलं मनापासून. उद्या यांचं करायला लागलं तर तेही करीन, नाहीतर हे माझं करतील, ते कुणाला सांगता येतं? पण आता रोज चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजतो, आणि पलीकडून कुणीतरी मला म्हणतं, मेढ्याची गाडी लागली, बसून घ्या. मग आम्ही बोलतो. घड्याळ न लावता." त्यांनी वर मनोऱ्याकडे बघितलं. "हे घड्याळ मला तरी आवडलं."

निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती खेदानं मान हलवेल असं काही दिसेना. तिनं माझ्याकडे बघितलं. बोलायचं काम माझं होतं.

वृंदाही माझ्याकडे बघत होती. प्रभाताई बघत होत्या. खिडकीतली मुलगी, जिला कशाचाच पत्ता नव्हता, तीसुद्धा माइक हातात धरून माझ्याकडे बघत होती. फक्त अण्णा बुटांकडे बघत होते. गाडी रद्द झाली हे प्रवाशांना कसं सांगायचं, याचा विचार करताना ते असेच उभे राहायचे.

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्ही घोषणा एकदाच केलीत."

"हं?"

"दोनदा करायची असते."

"ऐकू आली ना तुम्हाला? आलात की सगळे."

"ऐकू आली," मी म्हणालो. "पण विश्वास बसला नाही."

अण्णांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी प्रभाताईंकडे बघितलं, आणि त्या नुसत्या चष्मा पुसायला लागल्या.

"सर, पुन्हा नको प्लीज," खिडकीतली मुलगी म्हणाली. "मॅनेजर ओरडतील मला."

"त्यांच्याशी मी बोलतो. मी प्राध्यापक आहे."

"कशाचे?"

"कुटुंबसंस्थेचा," मी म्हणालो. वृंदानं उरलेल्या नाचोजचा द्रोण खिडकीतून आत सरकवला, आणि मुलीनं माइक बाहेर दिला.

अण्णांनी माइक घेतला. बोटानं दोनदा ठोकलं. घसा साफ केला, डॉक्टरांनी नळी घालून बघितलेला तोच घसा. मग बोलायला लागले, आणि स्पीकरमधून नुसती कुजबुज आली. मी शेजारी उभा होतो म्हणून, सवयीनं, आमच्या फ्लॅटमधला आवाज आला होता. रस्त्यावरच्या एकाही माणसानं मान वळवली नाही.

मी वाकून त्यांच्या कानाशी म्हणालो, "मोठ्यानं, अण्णा."

त्यांनी छातीत श्वास भरून घेतला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! अवधूत केंजळे आणि निशिगंधाताई सापडलेले आहेत! रघुनाथ केंजळे आणि प्रभावती सावर्डेकर यांची गाडी फलाटावर लागलेली आहे! ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी बसून घ्यावे! गाडी थोड्याच वेळात सुटेल!"

होडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पिझ्झावाला बाप्या मघाशी जो उठला होता तो अजून बसलाच नव्हता. त्यानं दुसरी बॅगही उचलली, बायकोला म्हणाला, "चल, आता दोनदा सांगितलंय," आणि सगळं कुटुंब घेऊन मनोऱ्याकडे यायला निघाला.